आईच्या पडलेल्या दाढांसाठी इम्प्लांट, ब्रिज की काढता-घालता येणारी कवळी?

गोदाकाठची लेक, गंगापूर रोड

सर्वांना नमस्कार.

माझ्या आईचे वय ६४ वर्षे आहे. खालच्या जबड्यातील उजवीकडची पहिली मोठी दाढ अडीच वर्षांपूर्वी काढावी लागली. डावीकडच्या शेवटच्या दोन दाढा त्याच्याही आधी गेल्या, कारण कोविडच्या काळात दाढ दुखत असूनही तिने आम्हाला बरेच दिवस सांगितले नाही. तेव्हापासून ती बहुतेक पुढच्या दातांनीच खाते. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून घेते, पेरूची फोड पुढे केली तर हात मागे घेते, आणि कारण विचारले की "मला आता असंच आवडतं" असे म्हणते. गेल्या महिन्यात तिच्या ताटाच्या कडेला गवारीच्या शेंगांचा न चावलेला चोथा ओळीने काढून ठेवलेला दिसला, तेव्हा हे आवडीचे प्रकरण नाही हे माझ्या लक्षात आले.

त्यानंतर आम्ही दोन दवाखान्यांत दाखवले. पहिल्या ठिकाणी तीन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे धातूचे स्क्रू आणि त्यांवर दातासारखी कॅप, असे सुचवले. कॅपसह एका दाढेचे ३६,००० रुपये, म्हणजे एकूण १,०८,००० रुपये सांगितले, आणि एकदा हे काम झाले की पुढे काही पाहावे लागणार नाही असे आश्वासन दिले. दुसऱ्या ठिकाणी उजवीकडे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने बसणारा तीन दातांचा ब्रिज २१,००० रुपयांत आणि डावीकडे काढता-घालता येणारी कवळी असा सल्ला मिळाला. डावीकडेही ब्रिज का होत नाही, असे मी विचारले तेव्हा "तिथे होत नाही" एवढेच उत्तर आले.

आईला ११ वर्षांपासून मधुमेह आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची शेवटची चाचणी ८.२ आली होती. रक्त पातळ ठेवण्याची एक गोळी रोज चालू आहे. आमच्या आरोग्य विम्यात अपघात वगळता दातांचा खर्च मिळत नाही, त्यामुळे हे पैसे वडिलांच्या निवृत्तीच्या ठेवीतून जातील. ते देण्यास वडील आनंदाने तयार आहेत, म्हणूनच ते चुकीच्या ठिकाणी जाऊ नयेत असे मला फार वाटते. ज्यांनी स्वतः यांपैकी काही करून घेतले आहे त्यांनी आपला अनुभव, विशेषतः पाच-दहा वर्षांनंतरचा, कृपया सविस्तर लिहावा.

जेलरोडकर, नाशिक रोड

ताई, मी ब्रिज आणि इम्प्लांट दोन्हींतून गेलो आहे.

प्रेसमध्ये नोकरीला असताना माझी खालची एक दाढ गेली आणि तिथे ब्रिज बसवला. त्यासाठी शेजारचे दोन धडधाकट दात चहूबाजूंनी घासून बारीक करावे लागले, आणि हे होत असताना माझ्या मनाला थोडे लागले होते, कारण त्या दातांना काहीच झालेले नव्हते. पंधरा दिवसांत मात्र काम पूर्ण झाले आणि मी साडेदहा वर्षे त्यावर निर्धास्त जेवलो. नंतर आधार दिलेल्या एका दाताला कॅपच्या कडेखालून कीड लागली. वरून कॅप असल्यामुळे ती दिसली नाही, आणि ब्रिज हलू लागला तेव्हा आतला दात वाचवण्यापलीकडे गेला होता. एका दाढेच्या जागी आता दोन जागा रिकाम्या झाल्या.

तिथे मी दोन इम्प्लांट केले. दात काढल्यावर तीन महिने हाड भरून येण्यासाठी थांबलो. शस्त्रक्रियेच्या दिवशी फक्त जबड्याला भूल दिली होती. दुखले अजिबात नाही, पण हाडात छिद्र पाडताना होणारी कंपने डोक्यापर्यंत जाणवतात, हे आईला आधी सांगून ठेवावे. शेवटी डॉक्टर पान्यासारख्या एका हत्याराने स्क्रू आवळतात आणि ठरलेला जोर आला की ते टक् असा आवाज करते. तो आवाज ऐकून "हाड चांगले आहे" असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला धीर आला. दोन दिवस गाल सुजला, आठवडाभर मऊ खिचडी आणि पेज घेतली, टाके काढले आणि पुढे चार महिने नुसती वाट पाहिली. मग माप घेऊन कॅप बसल्या. दात काढण्यापासून धरले तर सात-आठ महिने आणि दहाएक फेऱ्या झाल्या.

आज या गोष्टीला चार वर्षे होतील. उसाचे करवे सोडले तर मी सर्व खातो. तरी दोन गोष्टी सांगतो, ज्या मला आधी कोणी सांगितल्या नव्हत्या. पहिली, कॅप आणि शेजारचा दात यांच्या फटीत पालेभाजी आणि तंतू हमखास अडकतात आणि प्रत्येक जेवणानंतर लहान ब्रशने ती जागा साफ करावी लागते. दुसरी, खऱ्या दाताला भातातला बारीक खडाही ताबडतोब कळतो, इम्प्लांटला तो तितका कळत नाही. एकदा तसा खडा मी पूर्ण जोराने चावला आणि कॅपचा टवका उडाला. कॅप नवीन बसवावी लागली, तिचे पैसे वेगळे पडले.

एक दंतवैद्य, कॉलेज रोड

कृत्रिम दंतरोपण हाच माझ्या पदव्युत्तर शिक्षणाचा विषय होता. तोंड न तपासता निदान करणे योग्य नाही, म्हणून आपण दिलेल्या माहितीवरून जेवढे सांगता येते तेवढेच लिहितो.

डावीकडे ब्रिज का होत नाही, हे आपल्याला सांगायला हवे होते. ब्रिज हा पुलासारखाच असतो आणि त्याला दोन्ही टोकांना खांब लागतात. आपल्या आईंच्या डावीकडच्या शेवटच्या दोन दाढा गेल्या आहेत. त्यांच्या मागे दात नाही, म्हणजे मागचा खांबच नाही. फक्त पुढच्या दातावर दोन दाढांचा भार टांगला तर तो दात काही वर्षांत हलतो किंवा मोडतो. म्हणून त्या बाजूला इम्प्लांट आणि काढता-घालता येणारी कवळी हेच दोन मार्ग उरतात. उजवीकडे पुढेमागे दात असल्यामुळे तिन्ही पर्याय खुले आहेत, पण अडीच वर्षांत मागची दाढ रिकाम्या जागेत कलली आहे का आणि वरची दाढ खाली उतरली आहे का, हे पाहावे लागेल. समोर काही नसले की दात हळूहळू त्या दिशेने सरकतात. मागची दाढ फार कललेली असेल तर ब्रिजही अवघड होतो, आणि वरची दाढ उतरलेली असेल तर कोणतीही कॅप बसवायला उंची पुरत नाही. जागा रिकामी ठेवून निर्णय लांबवण्याची खरी किंमत ही असते.

आता इम्प्लांटविषयी. १९५२ मध्ये स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनमार्क हे सशाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण त्यांना नंतर सुटे करता येईना, कारण हाड त्या धातूला घट्ट धरून वाढले होते. याच गुणधर्मावर त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले आणि ते त्या रुग्णाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, कामात राहिले. त्यामुळे या उपचाराला नवा किंवा प्रायोगिक म्हणण्याचे कारण नाही. योग्य रुग्ण निवडला तर दहा वर्षांनंतर शंभरातील नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात. शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही आणि चावण्याचा भार हाडावर येत राहिल्यामुळे त्या जागेचे हाड झिजण्याचे प्रमाणही कमी राहते. हे फायदे खरे आहेत आणि मी माझ्या रुग्णांना ते मोकळेपणाने सांगतो.

मात्र "पुढे काही पाहावे लागणार नाही" हे वाक्य मला मान्य नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही हे बरोबर, पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला जंतुसंसर्ग होतो. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. त्याच थरामुळे जेलरोडकरांना खऱ्या दाताने खडा कळतो आणि इम्प्लांटने तितका कळत नाही. तो थर नसल्यामुळे इम्प्लांटजवळचा संसर्ग अडत नाही, थेट हाडापर्यंत उतरतो, आणि बहुतेक वेळा दुखत नाही. ब्रश करताना रक्त येणे ही पहिली खूण असते आणि लोक नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष करतात. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी आणि अधूनमधून एक्स-रे, हा इम्प्लांटच्या उपचाराचाच भाग समजावा.

आपल्या आईंच्या बाबतीत माझी पहिली काळजी साखरेची आहे. ८.२ या पातळीवर जखम उशिरा भरते आणि हाड धातूला नीट धरेल याची खात्री कमी होते. चाचणी साडेसातच्या आत आल्याखेरीज मी स्वतः ही शस्त्रक्रिया करत नाही. तीन-चार महिने थांबून साखर आटोक्यात आणली तर मधुमेह हा अडथळा राहत नाही. दाढा किडीने गेल्या की हिरड्यांच्या आजाराने हलून गेल्या, हेही विचारावे, कारण हिरड्यांचा आजार असेल तर तो बरा केल्याशिवाय इम्प्लांट बसवणे म्हणजे त्याच जमिनीत पुन्हा तेच रोप लावणे होय. तंबाखू किंवा मिसरीची सवय असेल तर तीही डॉक्टरांना सांगावी. आपल्याकडे वडीलधाऱ्या स्त्रिया मिसरीला व्यसन मानत नाहीत आणि विचारल्यावर "नाही" असेच उत्तर देतात. रक्त पातळ ठेवण्याची गोळी कोणी परस्पर बंद करायला सांगितली तरी ती बंद करू नये. ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांचे लेखी मत आणावे. बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच काम करता येते.

खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखालून ओठाला संवेदना देणारी नस जाते. स्क्रूचे टोक आणि ती नस यांच्यात किमान दोन मिलिमीटर अंतर राखावे लागते, नाहीतर ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते. डावीकडच्या दाढा जाऊन बरीच वर्षे झाली असल्यामुळे तिथले हाड रुंदीला आणि उंचीला कमी झालेले असणार. म्हणून तीन बाजूंनी हाड दाखवणारा सीबीसीटी स्कॅन काढल्याशिवाय कोणी नुसत्या छोट्या एक्स-रेवर तीन इम्प्लांटचा निर्णय दिला असेल तर मी तो मानणार नाही. हाड कमी निघाले तर कृत्रिम हाड भरावे लागते. त्याचा खर्च वेगळा असतो आणि काही महिने वाढतात. सांगितलेल्या १,०८,००० रुपयांत ते धरले आहे का, हे लेखी विचारून घ्या.

शेवटचा एक प्रश्न, जो दोन्ही दवाखान्यांनी विचारला का हे मला कळलेले नाही. आईंना हाडांच्या ठिसूळपणासाठी एखादी गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का?

अंबड-सातपूर

डॉक्टरांनी लिहिलेले "दुखत नाही" हे दोन शब्द मी दोनदा वाचले, कारण माझ्या बाबतीत नेमके तेच झाले. मी औद्योगिक वसाहतीत कामाला आहे आणि पंधरा वर्षे तंबाखू मळत होतो. इम्प्लांट बसवताना मी ती सवय लपवली, ही माझी चूक आहे. पहिली पाच वर्षे काही त्रास नव्हता, म्हणून तपासणीलाही गेलो नाही. नंतर हिरडीतून कधी रक्त, कधी खारट चव येऊ लागली, तरी दुखत नव्हते म्हणून सोडून दिले. सहाव्या वर्षी कॅप हलली.

ज्यांनी काम केले होते तो दवाखाना तोपर्यंत बंद झाला होता. दुसरीकडे गेलो तेव्हा स्क्रू कोणत्या कंपनीचा आहे हा पहिला प्रश्न आला आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. प्रत्येक कंपनीचा आतला खाचा वेगळा असतो, त्यामुळे त्यांच्याकडचे एकही हत्यार त्यात बसेना. एक्स-रेमध्ये स्क्रूच्या भोवती काळी पोकळी दिसत होती आणि अर्ध्याहून अधिक हाड गेले होते. शेवटी तो काढावाच लागला. दात काढण्यापेक्षा ते काढणे मला जास्त जड गेले.

तेव्हा ताई, पाकिटावर कंपनीचे नाव, माप आणि लॉट क्रमांक छापलेले स्टिकर असते. ते मागून घ्या, आईंच्या फाईलला चिकटवा आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो ठेवा. "आजीवन गॅरंटी" असे सांगतात ती बहुतेक वेळा फक्त धातूच्या स्क्रूची असते. कॅप, पुन्हा शस्त्रक्रिया आणि डॉक्टरांची फी त्यात येत नाही. मला हे सहा वर्षांनी कळले.

ओझरची वाचक

येथे कवळीच्या बाजूने कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. माझ्या सासऱ्यांना ७६ व्या वर्षी धातूच्या पातळ सांगाड्याची अर्धी कवळी बसवली. सुरुवातीचे तीन आठवडे हिरडीला जखमा झाल्या आणि चार वेळा जाऊन ती घासून घ्यावी लागली. खाली शेंगदाण्याचा कण गेला की त्यांना जेवण थांबवावे लागते आणि चारचौघांत कवळी काढून धुणे त्यांना संकोचाचे वाटते. लग्नकार्यात ते फक्त वरणभात घेतात. या सर्व गैरसोयी खऱ्या आहेत.

पण दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. आता त्यांचे तोंड मी साफ करते. कवळी बाहेर काढून मऊ ब्रशने घासते आणि रात्री पाण्याच्या वाटीत ठेवते, याला पाच मिनिटे लागतात. दुसऱ्या माणसाच्या तोंडात मागच्या दाढांच्या फटीत छोटा ब्रश घालून रोज सफाई करणे किती कठीण असते, हे त्यांच्या उरलेल्या दातांवरून मला समजते. आपल्या आई ६४ वर्षांच्या आहेत, त्यांना पुढे पुष्कळ वर्षे चांगले खायचे आहे, म्हणून इम्प्लांट करू नका असे मी म्हणत नाही. मात्र त्यांचा हात आज जसा चालतो तसा पंधरा वर्षांनी चालेल का, आणि न चालल्यास ते काम घरात कोण करील, एवढा विचार आजच व्हावा.

आणखी एक सुचवते. पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात हिरड्यांचा, शस्त्रक्रियेचा आणि कृत्रिम दातांचा असे विभाग एकाच इमारतीत असतात. पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करत असल्यामुळे फेऱ्या जास्त होतात, पण तिन्ही बाजूंनी विचार होतो. निदान दुसरे मत घेण्यासाठी तेथे जावे.

गोदाकाठची लेक, गंगापूर रोड

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. डॉक्टरांचा शेवटचा प्रश्न वाचून मी आईच्या गोळ्यांचा डबा उघडला. दर शनिवारी सकाळी उपाशीपोटी ती एक गोळी भरपूर पाण्याबरोबर घेते आणि नंतर अर्धा तास आडवी होत नाही. ही गोळी हाडांच्या ठिसूळपणासाठीच आहे आणि साडेचार वर्षांपासून चालू आहे. दोन्ही दवाखान्यांच्या अर्जात "मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार" एवढ्यावरच खुणा करायच्या होत्या, म्हणून आम्ही ती कोठेच सांगितली नाही. ती "कॅल्शियमसारखी काहीतरी" आहे, असा आईचा समज होता.

मिसरीचेही विचारले. ती दिवसातून एकदा, सकाळी लावते. मला हे माहीत नव्हते.

या गोळीमुळे आता इम्प्लांट होणारच नाही का? गोळी काही महिने बंद करून चालेल का?

एक दंतवैद्य, कॉलेज रोड

गोळी स्वतःहून बंद करू नये. ही औषधे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहतात, त्यामुळे चार-सहा आठवडे थांबून जबड्याला फारसा फायदा होत नाही, आणि दुसरीकडे मणक्याचे किंवा खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढू शकतो. या औषधांवर असलेल्या रुग्णाच्या जबड्यात शस्त्रक्रिया केल्यावर क्वचित प्रसंगी जखम भरत नाही आणि हाडाचा भाग उघडा पडून निर्जीव होतो. ठिसूळपणासाठी तोंडाने घेतलेल्या गोळ्यांत हा धोका कमी असतो, कर्करोगात शिरेतून दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत तो बराच जास्त असतो. गोळीची वर्षे वाढतात तसा तोही वाढतो, आणि त्यात मधुमेह व तंबाखू यांची भर पडते. आपल्या आईंच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. म्हणून इम्प्लांट कधीच होणार नाही असे मी म्हणत नाही, पण आज तीन इम्प्लांट एकदम करू नयेत असे स्पष्टपणे म्हणतो.

मी त्यांच्या जागी असतो तर या महिन्यात हिरड्या साफ करून घेतल्या असत्या, मिसरी बंद केली असती आणि ज्यांनी हाडांची गोळी दिली त्यांच्याकडून ती किती काळ चालणार आहे याचे पत्र घेतले असते. दरम्यान डावीकडे साधी, ॲक्रिलिकची तात्पुरती कवळी करून घेता येईल. तिचा खर्च थोडा असतो, चावण्याची सोय होते आणि समोरच्या दाढा खाली उतरण्याला आळा बसतो. उजवीकडचे दोन्ही दात मजबूत आणि सरळ निघाले, आणि विशेषतः त्यांत आधीच मोठे सिमेंट भरलेले असल्यामुळे धडधाकट दात घासावे लागणार नसतील, तर तिथे ब्रिज हा मला अधिक सुरक्षित निर्णय वाटतो, कारण त्यात हाडाला हात लागत नाही. चार महिन्यांनी साखरेची नवी चाचणी हातात आल्यावर डावीकडच्या इम्प्लांटचा विचार नव्याने करावा.

दवाखान्यात जाताना गोळ्यांची चिठ्ठी नेऊ नका, तो डबाच बरोबर घेऊन जा.